कातरलेल्या कागदातल्या इमारती

कागद कातरून चित्र करणाऱ्या कलावंताजवळ दोनच गोष्टी असतात: राहिलेला कागद आणि काढून टाकलेला कागद. शाई, रंग, फिकट-गडद छटा यांचा आधार त्याला नसतो. त्यातच एक बंधन असते. चित्र एकाच तावातून करायचे, तर त्यातला प्रत्येक भाग शेजारच्या भागाला कुठे ना कुठे धरून असला पाहिजे. जो सुटेल तो गळून पडेल. त्यामुळे विषय निवडतानाच पुढचा विचार करावा लागतो. ठसठशीत बाह्यरेषा, पुष्कळ मोकळ्या जागा आणि एकमेकांत गुंतलेले अवयव असा विषय कात्रीला मानवतो. जुन्या इमारतींत हे तिन्ही गुण असतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या ग्रामीण भागात ‘फॉली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हौसेच्या वास्तूंत तर ते विशेष उठून दिसतात.

कागद चीनमध्ये तयार झाला आणि तो कातरण्याची कलाही तिथेच वाढली. शिनजियांगमधल्या तुर्फानजवळच्या थडग्यांत सापडलेले सहाव्या शतकातले गोल नक्षीचे कागद हे या कलेचे सर्वांत जुने उपलब्ध नमुने मानले जातात. वसंतोत्सवात खिडक्यांवर लाल कागदाची कातरनक्षी चिकटवण्याची चिनी प्रथा आजही चालू आहे. २००९ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भारतात मथुरा-वृंदावनची सांझी याच घराण्यातली. तिथे कागदाचे छापे कातरतात आणि त्यांतून रंगाची भुकटी सोडून देवळात कृष्णलीलेची चित्रे उमटवतात. महाराष्ट्रात सणासमारंभाला पतंगी कागदाच्या घड्या घालून कातरलेल्या पताका हेही त्याच तंत्राचे साधे रूप.

युरोपात ही कला दोन वाटांनी वाढली. एक वाट शिकलेल्या, सुखवस्तू घरांतली. ॲम्स्टरडॅमच्या योआना कुर्टेन (१६५०–१७१५) यांनी पांढऱ्या कागदातून कातरलेली व्यक्तिचित्रे आणि निसर्गदृश्ये त्यांच्या हयातीतच युरोपभर गाजली होती. इंग्लंडच्या मेरी डेलेनी यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाचे बारीक तुकडे कातरून, ते काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलांची चित्रे करायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी अशी साडेनऊशेहून अधिक चित्रे केली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. याच डेलेनींना शंखशिंपल्यांनी बागेतल्या कृत्रिम गुहा सजवण्याचाही नाद होता. कातरलेला कागद आणि हौसेची वास्तू यांची गाठ अशी अठराव्या शतकातच एका व्यक्तीच्या हातांत पडलेली दिसते.

दुसरी वाट कष्टकऱ्यांची. योहान याकोब हाउसविर्थ (१८०९–१८७१) हा स्वित्झर्लंडच्या पेई-दांओ खोऱ्यात मजुरी करून, कोळसा पाडून राहणारा माणूस. अन्न आणि निवारा यांच्या मोबदल्यात तो घरोघर कातरचित्रे देत असे. त्याची बोटे इतकी जाड होती, की कात्रीला तारेची कडी लावून त्याला ती धरावी लागे. उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांकडे निघालेले गुरांचे तांडे, लाकडी घरे, झाडे आणि फाटके हे त्याचे विषय. डेन्मार्कचे कथाकार हान्स क्रिस्तियन अँडरसन गोष्ट सांगता सांगता मोठ्या कात्रीने कागद कातरत आणि गोष्ट संपली की घडी उलगडून दाखवत. त्यांच्या कातरकामात राजवाडे, नाट्यगृहे आणि पोटात दार-खिडकी असलेला पवनचक्कीचा माणूस पुन्हा पुन्हा येतो. इमारत हा या कलेचा विषय आजकालचा नाही, हे यावरून कळते.

फॉली म्हणजे वापराच्या गरजेपेक्षा दिसण्यासाठी बांधलेली वास्तू. अठराव्या शतकात इंग्रज जमीनदारांनी आपल्या विस्तीर्ण बागा चित्रासारख्या रचायला सुरुवात केली. झाडे, पाणी आणि उतार यांच्या जोडीला नजर खिळवून ठेवणारे काहीतरी दूरवर हवे, म्हणून टेकड्यांवर मनोरे, खोटे किल्ले, ग्रीक देवळे आणि मुद्दाम पडकी बांधलेली अवशेषरूपे उभी राहिली. काहींच्या मागे दुष्काळी काम होते. आयर्लंडमध्ये १७४०–४१ च्या भीषण दुष्काळात कॅथरिन कॉनॉली या जमीनदारीणबाईंनी लोकांना रोजगार मिळावा म्हणून कमानींवर कमानी चढवलेला १४० फूट उंचीचा स्तंभ बांधून घेतला. स्कॉटलंडमधल्या ओबन गावावरचा गोल कमानींचा मनोरा १८९७ मध्ये जॉन स्टुअर्ट मॅकेग या बँकरने सुरू केला, तेव्हा हिवाळ्यात गवंड्यांना काम मिळावे हा त्याचा एक हेतू होता.

फॉली आणि कातरचित्र यांचे खरे नाते इथे आहे. फॉली लांबून, आभाळाच्या पार्श्वभूमीवर पाहायची असते. म्हणून बांधणारा आधी तिच्या बाह्यरेषेचा विचार करतो. आत खोल्या आहेत की नाहीत याला फारसे महत्त्व नसते. ऑक्सफर्डशायरमधल्या राउशॅमच्या बागेसाठी विल्यम केंट या वास्तुकाराने समोरच्या टेकडीच्या माथ्यावर तीन कमानींची एक नुसती भिंत उभी केली. तिच्यामागे इमारतच नाही. बाथ शहरावरच्या डोंगरावर राल्फ ॲलन या धनिकाने १७६२ मध्ये बांधवलेला ‘शॅम कॅसल’ही तसाच: मधोमध टोकदार कमान, बाजूंना बुरूज, वर चर्या आणि पाठीमागे काहीच नाही. शहरातल्या आपल्या घरातून किल्ला दिसावा एवढाच त्याचा उद्देश. अशा वास्तूला जाडी नसतेच म्हटले तरी चालेल. काळ्या कागदात ती कातरताना कलावंताला काही गाळावे लागत नाही. गाळायचे ते बांधणाऱ्याने आधीच गाळलेले असते.

प्रत्येक फॉली मात्र इतकी सोपी नसते. नॉर्थॅम्प्टनशायरमधले रश्टनचे त्रिकोणी घर सर थॉमस ट्रेशॅम यांनी १५९३ ते १५९७ या काळात बांधले. कॅथलिक श्रद्धेपायी या माणसाची कित्येक वर्षे कैदेत गेली होती. सुटल्यावर त्याने ख्रिस्ती त्रैक्याची खूण दगडात उभी केली. घराला भिंती तीन, प्रत्येक सुमारे ३३ फूट लांब. मजले तीन, दर मजल्यावर प्रत्येक भिंतीत खिडक्या तीन, वर प्रत्येक बाजूला त्रिकोणी शिखरे तीन. खिडक्यांचे आकार त्रिदळ, क्रूस आणि त्रिकोण यांचे. कातरकाम करणाऱ्याला इथे बाह्यरेषेपेक्षा भोकांची नक्षी महत्त्वाची वाटते. खिडक्या कोरून काढल्या, की भिंत आपोआप चित्रात उरते.

स्कॉटलंडमधले डनमोरचे अननस हा वेगळाच प्रकार आहे. १७६१ साल कोरलेल्या बागेतल्या मंडपावर सुमारे १४ मीटर उंचीपर्यंत जाणारे दगडी अननस बसवले आहे. त्या काळी थंड हवेत काचघरे तापवून अननस पिकवणे हे श्रीमंतीचे लक्षण होते. दगडी पाने बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत आणि पाणी साचून गोठू नये म्हणून प्रत्येक पानावरच्या पाण्याला वेगळी वाट काढून दिली आहे. हे काम कागदात उतरवताना खवल्यांच्या रेषा किती ठेवायच्या हा प्रश्न येतो. सगळ्या ठेवल्या तर कागद चाळणीसारखा लुळा पडतो; फार कमी ठेवल्या तर अननस घुमटासारखे दिसू लागते.

वूस्टरशायरचा ब्रॉडवे टॉवर १०२४ फूट उंचीच्या टेकडीवर आहे. जेम्स वायट याच्या आराखड्यावरून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस लेडी कॉव्हेंट्री यांच्यासाठी बांधला गेला. टेकडीवर पेटवलेला जाळ आपल्या दूरच्या वाड्यातून दिसतो का, हे त्यांना पाहायचे होते अशी त्याची कथा सांगतात. मनोरा ६५ फूट उंच असून त्याला तीन गोल बुरूज बिलगलेले आहेत. १८२२ पासून सर थॉमस फिलिप्स या ग्रंथसंग्राहकाचा छापखाना तिथे होता. पुढे कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस मित्रांसह तिथे सुट्टीला राहत असे. जुन्या इमारतींची मोडतोड थांबवण्यासाठी मॉरिसने १८७७ मध्ये संस्था स्थापन केली; तिची कल्पना याच काळात त्याच्या मनात आकार घेत होती.

विल्टशायरमधल्या स्टूरहेडच्या बागेत हेन्री होर या बँकरने तळ्याच्या काठाने देवळे मांडली. फ्लोराचे मंदिर १७४४ च्या सुमाराचे, पॅन्थिऑन १७५३–५४ चे, अपोलोचे १७६५ चे. तिन्हींचा वास्तुकार हेन्री फ्लिटक्रॉफ्ट. संथ पाण्यात पॅन्थिऑनचे उलटे प्रतिबिंब पडते. कागद आडवा दुमडून कातरला, की वरचे देऊळ आणि खालचे प्रतिबिंब एकाच वेळी तयार होते. पण गुळगुळीत घुमट हा कातरकामाला अवघड विषय आहे. त्यावर रेषाच नसल्यामुळे काळा गोळा उरतो. म्हणून कलावंत पुढे झाडांच्या फांद्या आणतो आणि त्यांच्या फटींतून घुमट दाखवतो. उलट चेशायरमधल्या लिटल मॉर्टन हॉलसारखे लाकडी चौकटींचे जुने घर, काळ्या तुळया आणि त्यांमधली पांढरी भिंत यांमुळे जवळजवळ आहे तसेच कागदात उतरते.

या कामाची पद्धत ठरलेली आहे. कलावंत आधी जागेवर जाऊन रेखाटने करतो आणि छायाचित्रे घेतो. मग उजेड कोणत्या बाजूने येतो हे ठरवून कोणती भिंत काळी राहणार आणि कोणती निघून जाणार ते पक्के करतो. कोपऱ्यातून दिसणाऱ्या दृश्यापेक्षा समोरून दिसणारा दर्शनी भाग अधिक स्वच्छ उतरतो. आराखडा कागदाच्या मागच्या बाजूला उलटा काढतात, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा पुढून दिसत नाहीत. चित्रात अक्षरे असली तर तीही उलटी लिहावी लागतात. मोठ्या कामाला कात्री आणि बारीक कामाला शस्त्रक्रियेच्या चाकूचे टोकदार पाते वापरतात. पात्याचे टोक बोथटले की कागद कापला न जाता फाटतो, म्हणून ते वारंवार बदलावे लागते. आधी आतली बारीक भोके काढायची, मग मोठी, आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी. कड आधी कापली तर कागदाचा ताण जातो आणि बारीक रेषा हलू लागतात. वळण घेताना हात वळवत नाहीत, कागद फिरवतात.

सर्वांत जास्त विचार जोडांचा करावा लागतो. आभाळातला पक्षी, चंद्र किंवा मनोऱ्यावरचा वातकुक्कुट हे सगळे सुटे विषय. त्यांना आधार द्यावा लागतो. पक्षी फांदीवर बसवतात आणि चंद्राला झाडाच्या शेंड्याने पेलतात. इथे ग्रामीण परिसर कलावंताच्या मदतीला येतो. भिंतीवर चढलेली आयव्हीची वेल, कुंपणाची झुडपे, लोखंडी फाटक, बाकदार पूल यांच्या मदतीने इमारत, जमीन आणि चौकट एकमेकांत बांधता येतात. पडक्या भिंतीवरची वेल चित्रात शोभेची दिसते, पण बहुतेक वेळा सगळा भार तिनेच उचललेला असतो. पूर्ण झालेले काम पार्श्वभूमीपासून थोडे अंतर सोडून काचेमागे बसवले, तर कागदाची सावली मागे पडते आणि सपाट चित्राला खोली येते.

कागदातून उभी इमारत करण्याचा मार्ग विसाव्या शतकात जपानमध्ये निघाला. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले वास्तुशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी एकाच कागदाला छेद आणि घड्या देऊन, तो उघडताच इमारत उभी राहील असे तंत्र विकसित केले. नेदरलँड्सच्या इंग्रिड सिलियाकस यांनी त्यांच्या कामातून स्फूर्ती घेऊन प्रसिद्ध वास्तू आणि शहरांची दृश्ये कागदात उभी केली. डेन्मार्कचे पीटर कॅलेसन साध्या ए-फोर कागदातून किल्ले उभारतात. किल्ला ज्या कागदातून उठला त्याचे भोक चित्रात तसेच राहते, त्यामुळे काय काढले आणि त्याचे काय झाले हे दोन्ही एकत्र दिसते.

फॉली टिकवण्यातही चित्रकारांचा वाटा आहे. बार्बरा जोन्स या चित्रकर्तीने १९५३ मध्ये फॉली आणि कृत्रिम गुहांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या वास्तूंकडे प्रथमच गंभीरपणे पाहिले गेले. १९६५ मध्ये स्थापन झालेली लँडमार्क ट्रस्ट ही संस्था अशा कित्येक वास्तू दुरुस्त करून पर्यटकांना राहायला देते. डनमोरचे अननस त्यांपैकीच एक. डॉर्सेटच्या समुद्रकाठचा क्लॅव्हेल टॉवर कडा खचू लागल्यामुळे याच संस्थेने दगड दगड सुटा करून आत सुमारे २५ मीटरवर पुन्हा उभा केला.

अशा वास्तूंपैकी एकीचे नाव थेट कोकणातून गेले आहे. आग्नेय लंडनमधल्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये रिचर्ड जप याच्या आराखड्यावरून ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ हा त्रिकोणी गॉथिक मनोरा बांधला गेला. त्याची उंची सुमारे ६३ फूट असून तिन्ही कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आहेत. कमोडोर विल्यम जेम्स याच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने तो उभारला. एप्रिल १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत जेम्सने तुळाजी आंग्रे यांच्याकडून हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला होता. त्या नावाचे हे इंग्रजी रूप. बराच काळ बंद राहिलेला हा मनोरा दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये लोकांसाठी पुन्हा खुला झाला.

कातरचित्र हा इमारतीचा मोजमापांसह केलेला दस्तऐवज नव्हे. त्यात दगडाचा रंग नसतो, जाडी नसते आणि आतल्या खोल्याही नसतात. पण एखादी वास्तू कशामुळे ओळखली जाते, तिच्यातले काय काढले तर ती ती राहणार नाही, याची परीक्षा जितकी कात्रीने होते तितकी कॅमेऱ्याने होत नाही. सुवर्णदुर्गाचे तट आणि बुरूज, देवळांपुढच्या दीपमाळा, वाड्यांच्या महिरपी हे सारे विषय या परीक्षेला उतरणारे आहेत. महाराष्ट्रातल्या कलाशिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काळा कागद आणि धारदार पाते घेऊन त्यांच्याकडे वळावे.