गावची राखण आणि ग्रामसभा

1825 साली जेम्स औट्रम या अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली, तेव्हा खानदेशच्या बंदोबस्ताची मुखत्यारी सर्वस्वी सरकारची होती. रयतेला त्यात विचारणा नव्हती. आज 1967 च्या ग्रामपोलीस अधिनियमान्वये नेमलेला पोलीस पाटील गुन्ह्याची वर्दी ठाण्यास देतो, आणि 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यभर सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने, तंटे सामोपचाराने मिटविणारी समिती निवडण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मात्र दक्षतेला विवेकाची जोड नसेल तर केवढा अनर्थ ओढवतो, हे साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी दिसले: मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्याच खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. जिथे अभय मिळावे, तीच जागा वधस्थान झाली! म्हणून कळकळीची विनंती, की अनोळखी माणसाविषयी शंका आल्यास त्याच्या अंगाला हात न लावता प्रथम पोलीस पाटलास अथवा 112 या क्रमांकावर कळवावे, आणि समितीने वर्षभरात काय केले, याचा हिशेब येत्या ग्रामसभेत अवश्य मागावा.