चार गुणांचा धडा



मी नांदेडचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टर नाही, आलिमही नाही. पण बारावी याच लातुरात केली, म्हणून बोलायला उभा आहे.

'लातूर पॅटर्न'च्या नादात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एक बायोलॉजीवाला होता. गर्भनिरोधकांची नावं त्याला तोंडपाठ. मैत्रिणीची पाळी चुकली तेव्हा मात्र तो मलाच विचारत होता, "पपई खाल्ल्यावर होईल ना?" मी काय सांगणार? दोन आठवडे आम्ही तिघंही गप्प बसलो. मग तिच्या घरी कळलं. तिचं कॉलेज सुटलं, काही महिन्यांत लग्न लावून दिलं. तो पुढे शिकला. मीही.

ते २००७ साल. त्याच वर्षी महाराष्ट्राने शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं होतं १९२१ साली, याच राज्यात!

आता नांदेडला काही रविवारी मी अकरावी-बारावीच्या मुलामुलींशी बोलतो. 'सहेली' गोळी कुठे तयार झाली? सगळे हात वर. लखनौ. नीटला चार गुण. तातडीची गोळी किती तासांत घ्यायची? सगळे खाली बघतात. साधारण ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती गर्भपाताची गोळी नाही आणि एचआयव्हीपासून वाचवत नाही. कंडोम दोन्हींपासून वाचवतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

प्रश्न बिननावाच्या चिठ्ठ्यांवर येतात. "हे वापरणं हराम आहे का?" हा दर वेळी असतोच. सहाबांच्या काळात अझ्ल होत असे, हे हजरत जाबिर यांच्या हदीसमध्ये आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये तो जायज मानला, जास्त मुलांच्या ओझ्याची भीती हे कारणही मान्य केलं. पोरं इथे खूश होतात, म्हणून लगेच पुढचं सांगतो: ही चर्चा नवरा-बायकोची आहे. निकाहाबाहेर दीन परवानगी देत नाही, हे मी लपवत नाही. आणि १८ वर्षांखालच्यांची संमती पॉक्सो कायदा धरतच नाही. तरी चूक झाली तर पपईच्या मागे लागू नका, घरातल्या एका मोठ्या माणसाला घेऊन दवाखान्यात जा. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना सांगायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ साली म्हटलंय.

मागच्या वेळी एक चिठ्ठी आली: "नाही म्हटलं तर सोडून जाईन म्हणतो." मी उत्तर दिलं नाही, मुलांनाच विचारलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून एक जण म्हणाला, "सर, मी पण असंच बोललोय."

त्या दिवशी पुढचा सगळा तास त्यावरच गेला. चिठ्ठ्या तशाच उरल्या.

पुढच्या रविवारी मुलींच्या अम्मींना बोलावलंय. दखनीत बोलायचंय, आणि आमच्या घरच्या दखनीत यासाठी शिवी सोडून शब्द नाहीत. तुमच्या घरी काही असतील तर नंतर येऊन सांगा.