जागता पहारा

ग्रंथालयातील देवघेवीची नोंदवही ही वाचकाच्या दृष्टीने एक रुक्ष वस्तू. कोणता ग्रंथ कोणाकडे, कोणत्या दिवशी गेला, एवढेच ती सांगते. परंतु एखादा दुर्मिळ ग्रंथ कपाटातून नाहीसा झाला, की ग्रंथपालाला आधार उरतो तो तिचाच. शासकीय संगणकांच्या रक्षणाचे मर्मही अशाच नोंदवहीत आहे, हे ऐकून ग्रंथप्रेमी मंडळींना नवल वाटेल.

जामबागेहून दूर, शहराच्या पश्चिमेस माधापूरला १९९८ साली सायबर टॉवर्सची वास्तू उभी राहिली आणि येथील मराठी घरांतही संगणकाची परिभाषा रुळली. त्या व्यवसायातील वेतनाची चर्चा पुष्कळ होते. पहाऱ्याची होत नाही. केंद्र शासनाने २००४ साली ‘सर्ट-इन’ हे संगणकीय आपत्तींच्या निवारणाचे पथक स्थापन केले. त्याच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घाला लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तो कळवावा लागतो, यंत्रांतील नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळे एका प्रमाण वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. घड्याळे विसंगत असतील, तर चोर आधी कोणत्या दाराने शिरला आणि नंतर कोठे गेला, याचा क्रमच लागत नाही.

अशा पथकाच्या प्रमुखाचे काम कसे असते? त्याच्या हाताखालची माणसे पाळीपाळीने अहोरात्र पडद्यासमोर बसतात. धोक्याच्या सूचना अखंड येत राहतात आणि त्यांतील बहुतेक खोट्या ठरतात. वारंवार खोटी हाळी ऐकून पहारेकऱ्याचे कान बधिर होतात. खरा शत्रू नेमका तेव्हाच येतो. म्हणून कोणती सूचना गाळावी, कोणाला विश्रांती द्यावी, हे ठरवणे हेच प्रमुखाचे नित्यकर्म. दुसरे काम त्याहून अप्रिय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार उडवला; त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती बसवण्यासाठी यंत्रे घटकाभर थांबवावी लागतात, आणि कामकाज थांबवण्यास कोणताही खातेप्रमुख सहजी राजी होत नाही. त्याचे मन वळवणे प्रमुखाच्याच माथी येते. टाळाटाळीची किंमत मात्र शेवटी सामान्य माणूस मोजतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयातील संगणक अशाच एका घाल्याने निकामी झाले. सुमारे दोन आठवडे रुग्णांची नोंद कागदावर हाताने करावी लागली.

मराठी माणसाला ही विद्या सर्वस्वी परकी नाही. सभासद बखरीत गडाच्या कारभाराचे वर्णन आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे. एकट्याच्या फितुरीने गड शत्रूच्या हाती जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी. आजच्या शासकीय यंत्रणेतही सर्व किल्ल्या एकाच अधिकाऱ्याच्या हाती न देण्याचा दंडक आहे, तो याच जातीचा.

परंतु खरा धडा हिरकणीच्या आख्यायिकेत आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर ती गवळण तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेली. महाराजांनी तिला दंड केला नाही. तिचा गौरव केला आणि ती वाट बुरूज बांधून बंद केली. तिला शिक्षा झाली असती, तर पुढे कोणीही अशी वाट सापडल्याचे बोलले नसते, आणि कडा उघडाच राहिला असता.

शासकीय कार्यालयात चूक कबूल करणे महाग पडते. फसव्या पत्रातील दुव्यावर बोट पडले, हे कारकून भीतीपोटी दडवतो. रात्रपाळीचा कनिष्ठ कर्मचारी साहेबांची झोप मोडण्यास कचरतो. आणि आदेशातील ते सहा तास तर घाला लक्षात आल्यानंतर सुरू होतात. दडवलेल्या चुकीचे तास कोण मोजणार? म्हणून उत्तम प्रमुख तोच, ज्याला मध्यरात्री उठवताना कोणाला भय वाटत नाही, आणि जो आधी बुरूज बांधतो, मग दोषाची चौकशी करतो.

फाटलेले पान वाचक स्वतःहून दाखवतो, ते ग्रंथपालाच्या सौजन्यावर विसंबून. दाखवले, तर ते पान चिकटवता येते. दडवले, तर एक दिवस पुस्तकच हातचे जाते. शतकभर ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेला हे वेगळे सांगावयास नको.