आजीची गोष्ट आणि हेडसेटचा माइक
(ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



मेळघाटातल्या एखाद्या आजीकडून कोरकू गोष्ट ध्वनिमुद्रित करायची म्हटली, की स्टँडवरचा माइक कमी पडतो. गोष्ट रंगली की आजी मान वळवते, मागे टेकते. माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. आपल्या मराठी कानांना तिचे उच्चार नवे. मुद्रण अस्पष्ट झाले तर नंतर लिहून घेताना शब्दच हरवतात.

अशा वेळी संगणकाच्या स्वस्त हेडसेटचा माइक फार उपयोगी पडतो, कारण मान कुठेही वळली तरी तो ओठांजवळच राहतो. पण तो थेट स्टुडिओच्या मिक्सरला जोडू नका.

त्याचे कारण असे. या माइकमध्ये इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. तिच्यातल्या छोट्या ट्रान्झिस्टरला साधारण १.५ ते ५ व्होल्ट लागतात आणि संगणक ते त्याच वायरमधून पुरवतो. मिक्सरची फँटम पॉवर बंद असेल तर माइकला काहीच मिळत नाही व तो मुका राहतो. ती सुरू असेल तर ४८ व्होल्ट येतात. फक्त पिन बदलणारा जोड लावला असेल, तर त्या दाबाने ट्रान्झिस्टर जळू शकतो.

यावर उपाय दोन. पहिला, फँटम पॉवर कमी करून ३ ते ५ व्होल्ट देणारा तयार अडॅप्टर. दुकानात ‘प्लग-इन पॉवर देतो का?’ असे स्पष्ट विचारा.

दुसरा उपाय म्हणजे स्वतः बनवलेली डबी. दोन पेन्सिल सेल एकापुढे एक लावले की ३ व्होल्ट होतात. त्यांचे धन टोक २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून माइकच्या सिग्नल वायरला जोडा, ऋण टोक ग्राउंडला. त्याच सिग्नल वायरवरून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक्सएलआरच्या २ क्रमांकाच्या पिनला न्या; कपॅसिटरची धन बाजू माइककडे ठेवा. पिन १ आणि ३ ग्राउंडला जोडा. ही डबी लावण्याआधी फँटम पॉवर बंद करा. डबीपासून मिक्सरपर्यंतची वायर दोन-तीन मीटरच ठेवा, नाहीतर विजेची गुणगुण शिरते.

यूएसबी हेडसेट यासाठी चालत नाही. त्यातून डिजिटल सिग्नल येतो.

माइक ओठांच्या अगदी समोर नको, कोपऱ्याशी ठेवा आणि त्यावर स्पंजची टोपी घाला. म्हणजे प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका बसत नाही. एका कानावरचा हेडफोन थोडा मागे सरकवा. हुंकार देणारा नातू आजीला ऐकू आला पाहिजे, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही. स्वस्त कॅप्सूलची थोडी सरसर राहीलच. पण माइक जवळ असल्याने बोलणे तिच्या वर राहते.

आजीला बसवण्याआधी स्वतःचे एक मिनिट मुद्रण करून ऐका. थकलेल्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावणे बरे नव्हे, आणि दुसऱ्यांदा ती तशीच येईल याची खात्रीही नसते. काम संपले की हेडफोन आजीच्या कानावर नीट बसवा आणि तिची गोष्ट आधी तिलाच ऐकवा.