जुन्या मोटारी आणि दानपेटी

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या मोटार-प्रदर्शनाच्या प्रारंभीं केलेलें भाषण)



जुन्या मोटारी बाळगणाऱ्या मंडळानें आजचा दिवस आपल्या देवालयाच्या पटांगणांत घालविण्याची इच्छा दर्शविली, तेव्हां प्रथम मीं नकार दिला होता, हें कबूल करतों. श्रीमंतांच्या हौसेचें प्रदर्शन प्रभुमंदिराच्या दारीं कशास, असें मला वाटलें.

मग एका पांढऱ्या मोटारीची आठवण झाली. १९६४ च्या डिसेंबरांत युखरिस्तिक परिषदेसाठीं परमगुरु सहावे पॉल मुंबईस आले. त्यांच्या उपयोगाकरितां अमेरिकेंतून भेट आलेली लिंकन कॉन्टिनेन्टल गाडी जातांना त्यांनीं मदर तेरेसा यांच्या स्वाधीन केली. मदर तेरेसांनीं ती विकली नाहीं; तिची सोडत काढली! (केवढें हें व्यवहारचातुर्य!) विक्रीनें आलें असतें त्याहून पुष्कळ अधिक द्रव्य जमलें, आणि तें कुष्ठरोग्यांच्या शांतिनगर वसाहतीच्या कामीं लागलें. पुढें २०१७ सालीं परमगुरु फ्रान्सिस यांना लॅम्बोर्गिनी कंपनीनें गाडी अर्पण केली. तीहि त्यांनीं स्वाक्षरी करून लिलावास दिली. १२ मे २०१८ रोजीं मोनॅको येथें तिचे ७,१५,००० युरो आले. त्यांतील कांहीं भाग इराकांतील निनवेच्या परिसरांत ख्रिस्ती जनांचीं उद्ध्वस्त घरें उभारण्यासाठीं होता.

तेव्हां मीं होकार दिला, मात्र एका अटीवर: प्रवेशाचा प्रत्येक पैसा आपल्या धर्मग्रामांतील डायलिसिसवर असलेल्या रुग्णांस मिळावा. मंडळानें तें तत्काळ मान्य केलें.

आतां गाड्यांना आशीर्वाद देतों. कोपऱ्यांतील ती फियाट ढकलतच आणली आहे. तिच्यावर पवित्र पाणी दोनदां शिंपडावें लागेल!