व्हार्निशाचा पातळ हात



गेल्या पावसाळ्यांत माझ्या पुतण्यानें कपाटाच्या तळांतून एक जुना खोका काढला. त्यांत स्पिटफायर विमानाची १:७२ मापाची प्रतिकृति होती. जोडल्यावर पंखांची लांबी सुमारें १५.६ सेंटिमीटर. माझ्या वडील बंधूंनीं ती हौसेनें आणली होती. जोडण्यास मात्र ते राहिले नाहींत. पुतण्यानें विमान जोडलें, रंगविलें, आणि डाव्या पंखावरील तांबड्या-निळ्या वर्तुळाचें डेकल पाण्यांत सोडलें. क्षणार्धांत त्याचे पांच तुकडे झाले. कुंचल्यानें ते कसेबसे पंखावर जुळविले. उजव्या पंखाचें वर्तुळ तेवढें शिल्लक राहिलें.

असें कां व्हावें? डेकल म्हणजे पारदर्शक पापुद्र्यावर छापलेलें चित्र. त्याखालीं पाण्यांत विरघळणारी खळ, आणि खळीखालीं कागद. वर्षें लोटलीं कीं पापुद्रा ठिसूळ होतो; खळ सुटतांच कागदाचा आधार जातो आणि तो फुटतो. म्हणून जुनें डेकल भिजविण्यापूर्वीं त्यावर व्हार्निशाचा हात द्यावा. घरच्या इंकजेट यंत्रावर छापलेल्या डेकलास तर तो हवाच; नाहीं तर शाई पाण्यांत पसरते.

परंतु रक्षकच भक्षक होण्यास वेळ लागत नाहीं. व्हार्निश जाड झालें तर चित्र ताठरतें व पंखावरील बारीक खांचांत बसत नाहीं. फार पातळ करून सढळपणें ओतलें तर त्यांतील थिनर शाईच विरघळवितो. एअरब्रशसाठीं साधारणपणें जितकें व्हार्निश तितकाच त्याच जातीचा थिनर घालून तें दुधाइतकें पातळ करावें. पहिले दोन हात धुक्यासारखे हलके द्यावे, मध्यें दहा-पंधरा मिनिटें थांबावें, मगच एक भरपूर हात देऊन रात्रभर वाळूं द्यावें. आतां सारा कागद एकाच पापुद्र्यानें झांकला जातो; म्हणून प्रत्येक चित्र कडेशीं कापून घ्यावें.

पंखासहि आधीं चकचकीत व्हार्निश द्यावें. खरखरीत रंगावर डेकलाखालीं हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. चित्र बसून वाळल्यावर उरलेली खळ ओल्या फडक्यानें पुसावी आणि वरून पुन्हां तसेच हलके हात द्यावे. खिडकी उघडी असावी, विस्तव दूर असावा.

आणखी एक पथ्य. पावसाळी हवेंत लॅकर लावूं नये. थिनर झपाट्यानें उडतांना पृष्ठभाग गार होतो, हवेंतील ओलावा त्यावर धरतो आणि व्हार्निश पांढुरकें पडतें.

आम्हीं दसऱ्यापर्यंत थांबलों. त्याच कागदावरील एका निरुपयोगी अक्षरावर प्रथम प्रयोग केला; तें पाण्यांत अखंड राहिलें, तेव्हां कोठें वर्तुळाला हात घातला. उजव्या पंखावर तें निर्वेध बसलें. डाव्या पंखावरील सांधे अजून दिसतात. ते रंगानें झांकावे असें मी सुचविलें, तों पुतण्या म्हणाला, "नको काका, राहूं द्या. बाबांची एवढी निशाणी माझ्या घाईनें फुटली, हें मला दिसत राहिलें पाहिजे."