खांद्यांचे बळ आणि स्थिर व्यायाम

कशेडी घाटाच्या परिसरात डोक्यावर हंडा घेऊन वाडीची चढण चढणारी स्त्री पाहावी. हंड्याला लावलेला तिचा हात जागचा हलत नाही. तरीही खांदा भरून येतो. स्नायू न हलताही राबतो तो असा. २०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीच्या बोगद्यातून प्रथम वाहतूक सुरू झाली आणि वाहनचालकांची अवघड वळणे टळली. वाडीची चढण मात्र कोणत्याही बोगद्याने कमी होत नाही.

कष्टकऱ्यांना आणखी व्यायाम कशाला, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. परंतु ओझे रोज त्याच स्नायूंवर त्याच रीतीने पडते. मान व खांद्याचा वरचा भाग आखडतो. पाठीचे फरे मागे खेचणाऱ्या स्नायूंच्या वाट्याला त्या मानाने थोडेच काम येते. फळ्यावर लिहिणारे शिक्षक आणि टेबलावर वाकलेले ग्रामसेवक यांचीही तीच कथा.

१९५३ साली जर्मनीत हेटिंगर व म्युलर या संशोधकांनी असे प्रतिपादन केले, की स्नायू न हलविता रोज केवळ काही सेकंद ताणून धरला तरी बळ वाढते. त्यांनी सांगितलेली वाढ पुढील संशोधकांना तेवढी आढळली नाही. मूळ तत्त्व मात्र टिकले. आपल्याकडील मल्लखांबपटूला ते पूर्वापार ठाऊक आहे. पकड घेऊन तो स्थिर राहतो, तेव्हा हेच घडते.

याला साधन लागते ते भिंतीचे. भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहावे, कोपरे काटकोनात वाकवून अंगाशी ठेवावीत आणि फरे एकमेकांकडे ओढीत कोपरांनी भिंत मागे रेटावी. सहा आकडे मोजून सैल सोडावे. असे पाच वेळा. नंतर छातीसमोर दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून बाहेर ओढावीत. बळ ज्या कोनात धरावे, मुख्यतः त्याच कोनात वाढते. म्हणून हात कधी पोटाशी, कधी कपाळासमोर धरावेत. जोर निम्म्यापासून सुरू करावा. श्वास कोंडू नये. आकडे मोठ्याने मोजले म्हणजे तो आपोआप चालू राहतो. शाळेच्या परिपाठात एवढे सहज बसते.

अर्थात, हंडा डोक्यावरून उतरविणे हे नळपाणी योजनेचे काम आहे, व्यायामाचे नव्हे; पंचायत सदस्यांनी एकाच्या नावावर दुसरे टाळू नये.

रक्तदाब अथवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हाताला मुंग्या येत असतील, किंवा खांद्यात कळ उठत असेल, तर व्यायाम तेथेच थांबवून तपासून घ्यावे.